नावडीची नोंदवही : यावल तालुक्यातील एका शालेय प्रकल्पाच्या नोंदी

१४ नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा पुन्हा भरली आणि नववीच्या वर्गाच्या विज्ञान दिनाच्या प्रकल्पाचा विषय आज नक्की झाला. दरवर्षी ठिबक सिंचनाचा नमुना किंवा ज्वालामुखीची प्रतिकृती होते. त्यातून मुले हाताने काही करतात, पण स्वतःच्या गावाला काही विचारत नाहीत. या वर्षी आम्ही असे ठरवले की खानदेशात बहुतेकांना मनापासून आवडणारे जे पदार्थ आणि स्वाद आहेत, म्हणजे वांग्याचे भरीत, शेवभाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा, मेथी, कोथिंबीर, पिकलेले केळे, ते ज्यांना आवडत नाहीत अशा माणसांना शोधायचे, त्यांच्याशी निवांत बोलायचे आणि नावड नेमकी कशात आहे हे लिहून काढायचे.

या विषयाबद्दल मला आस्था आहे, ती एका साध्या निरीक्षणामुळे. आपल्याकडे पंगतीत एखाद्याने भरीत नको म्हटले की वाढणारा प्रथम आग्रह करतो, नंतर आश्चर्य व्यक्त करतो आणि शेवटी ‘नखरे आहेत’ असा निष्कर्ष काढून पुढच्या ताटाकडे वळतो. ‘का नको?’ एवढे विचारले जाते, परंतु उत्तर ऐकून त्यावर दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. मुलांनी तो दुसरा प्रश्न विचारायला शिकावे, हे या प्रकल्पाचे काम आहे.

१९ नोव्हेंबर २०२४

प्रश्नावली तयार केली. मुलांनी पहिल्या मसुद्यात ‘तुम्हाला कोणता पदार्थ आवडत नाही आणि का?’ असा एकच प्रश्न लिहिला होता. त्याला ‘बस, नाही आवडत’ याखेरीज उत्तर येत नाही, हे त्यांनी घरी विचारून पाहिल्यावर त्यांनाच कळले. मग आम्ही प्रश्न फोडला. पदार्थ समोर आल्यावर वासच नको वाटतो का? जिभेवर ठेवल्यावर कडू, आंबट, तुरट असे काही लागते का? बुळबुळीतपणा, गिळगिळीतपणा, तंतू किंवा बिया यांचा त्रास होतो का? तोंडात आग होते का? खाल्ल्यावर खाज, सूज, मळमळ असे शरीराला काही होते का? आणि या पदार्थाशी निगडित एखादी वाईट आठवण आहे का? हे सहा प्रश्न वेगवेगळे ठेवण्याचे कारण असे की या प्रत्येकामागची शरीरातील यंत्रणा वेगळी आहे आणि बोलताना मात्र आपण त्या सगळ्यांना ‘चव’ म्हणून मोकळे होतो.

२२ नोव्हेंबर २०२४

वर्गात नाक चिमटीत धरून खाण्याचा प्रयोग केला. मुलांनी डोळे मिटून व नाक बंद करून बडीशेप आणि जिरे आळीपाळीने चावले. नाक बंद असेपर्यंत दोन्ही केवळ खरखरीत व किंचित कडसर लागले. चिमटी सोडताच क्षणात बडीशेप बडीशेप झाली आणि जिरे जिरे झाले. गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसासारखी जी पाचवी चव जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये वेगळी काढली ती उमामी, एवढेच जिभेचे मुख्य काम आहे. बाकीचे बहुतेक सर्व, ज्याला आपण स्वाद म्हणतो, ते घशाच्या मागील बाजूने नाकात चढणाऱ्या वाफेतून येते. माणसाच्या नाकात गंध ओळखणारी सुमारे ४०० प्रकारची ग्राहके असतात, आणि या ग्राहकांच्या जनुकांचे कुटुंब लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधले, ज्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल मिळाले.

एका मुलीने जिभेचा तो परिचित नकाशा काढून आणला होता, टोकाला गोड आणि मागे कडू दाखवणारा. तो चुकीचा असल्याचे सांगितले. सर्व चवी जिभेच्या सर्व संवेदनशील भागांवर कळतात. मिठाचे पाणी कापसाच्या बोळ्याने टोकाला, कडेला आणि मागे लावून मुलांनी ते स्वतः पडताळले.

३० नोव्हेंबर २०२४

कोथिंबिरीच्या मुलाखती पूर्ण झाल्या आणि आतापर्यंतची सर्वांत भरीव माहिती त्यांतच सापडली.

कोथिंबीर न आवडणारी माणसे गावात असतील यावर मुलांचा विश्वास नव्हता, कारण आपल्याकडे भाजी, वरण, भरीत, पोहे, सर्वांवर ती पेरली जाते. विचारू लागल्यावर मात्र एकेक जण पुढे आला. तरुण मुलांपैकी बहुतेकांनी ‘साबणासारखा वास येतो’ असे सांगितले. त्याच आठवड्यात आमच्या गटातील दोन मुली फैजपूरजवळच्या एका वृद्ध आजींकडे गेल्या होत्या. आजींनी आयुष्यभर कोथिंबीर निवडली, चिरली, सर्वांच्या ताटात वाढली, पण स्वतः खाल्ली नाही. आणि त्या म्हणाल्या की तिला खाटेतल्या ढेकणासारखा वास येतो. मुलींनी ढेकूण कधी पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे त्यांना हे उत्तर विचित्र वाटले व त्यांनी ते संकोचाने वाचून दाखवले.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे एकाच ठिकाणी पोहोचतात. कोथिंबिरीच्या पानांचा वास मुख्यतः अल्डिहाइड या गटातील संयुगांमुळे येतो. त्याच गटातील संयुगे काही साबणांच्या सुगंधात असतात आणि ढेकूण चिरडल्यावर जो वास सुटतो त्यातही असतात. सुतळीच्या खाटा उन्हात टाकून ढेकूण मारण्याच्या काळात वाढलेल्या आजींनी आपल्या ओळखीच्या वस्तूकडे बोट दाखवले, नव्या पिढीने आपल्या ओळखीच्या. दोघांच्याही नाकाने एकच गोष्ट अचूक टिपली होती.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात कोथिंबीर साबणासारखी लागण्याचा संबंध ओआर६ए२ या गंधग्राहक जनुकाच्या जवळील एका बदलाशी जोडला गेला. जनुकाचा हा वाटा लहानच आहे. सवय आणि परिसर यांचा भाग मोठा दिसतो. त्याच वर्षी कॅनडातील तरुणांच्या एका पाहणीत पूर्व आशियाई वंशाच्या सुमारे २१ टक्के, युरोपीय वंशाच्या १७ टक्के आणि दक्षिण आशियाई वंशाच्या ७ टक्के लोकांनी कोथिंबीर आवडत नसल्याचे सांगितले. शंभरात सात हा आकडा मी फळ्यावर लिहिला तेव्हा वर्ग काही वेळ हिशेब करीत राहिला. प्रमाण कमी आहे हे खरे, पण आमच्या शाळेएवढ्या शाळेत तेवढ्या प्रमाणाने एक वर्गखोली सहज भरेल.

आणखी एक गोष्ट आजींच्याच बोलण्यातून पुढे आली. त्या धने मात्र आवडीने खातात आणि घरचा काळा मसाला स्वतः भाजतात. यात विसंगती नाही. धन्यांच्या वासातील मुख्य घटक लिनालूल हा आहे, पानांतील अल्डिहाइड नव्हेत. एकाच झाडाचे पान आणि फळ नाकाला दोन वेगळ्या वस्तू वाटू शकतात. कोथिंबीर वाटली की तिच्यातील विकरे, म्हणजे एन्झाइम, त्या अल्डिहाइडचे विघटन करू लागतात, म्हणून वरून पेरलेली कोथिंबीर नको असणाऱ्या काहींना हिरवी चटणी चालते. आमच्या यादीतील दोन मुलांनी असेच सांगितले होते, आणि घरचे त्यांना याच कारणावरून खोटे ठरवीत होते.

७ डिसेंबर २०२४, चंपाषष्ठी

आज शाळेचे काम अर्धाच दिवस. घरोघरी खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगे यांचा नैवेद्य झाला. अनेक घरांत चातुर्मासापासून बंद असलेली वांगी, कांदा आणि लसूण आजपासून पुन्हा सुरू होतात.

या दिवशी मुलाखती घेऊ नयेत असे ठरले होते, परंतु मला स्वतःला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. चार महिने वांगे न खाणाऱ्याला आपल्याकडे कोणी आग्रह करीत नाही. उपवास, व्रत, सोडलेला पदार्थ, वैद्याने सांगितलेले पथ्य, या सर्व नकारांना घरात जागा आहे आणि त्यांचा आदर होतो. ‘मला याचा वास सहन होत नाही’ या नकाराला तेवढी जागा नाही. म्हणून कित्येक जण नावडीला पथ्याचे रूप देतात. ‘मला वांग्याने वात होतो’ असे सांगणाऱ्यांपैकी काहींनी मुलांना नंतर खासगीत सांगितले की वात वगैरे काही होत नाही, फक्त आवडत नाही.

१६ डिसेंबर २०२४

भरिताचा विभाग. या भागात भरीत काय आहे हे बाहेरच्या वाचकासाठी थोडक्यात लिहून ठेवतो, कारण हीच नोंद प्रदर्शनाच्या फलकावर जाणार आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि आमच्या तालुक्यातील बामणोदची वांगी त्यासाठी विशेष नावाजलेली आहेत. फिकट हिरवी, आकाराने मोठी, कमी बियांची ही वांगी कपाशीच्या काड्यांच्या आगीवर भाजतात, साल काढून लाकडी भांड्यात ठेचतात आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर व सढळ तेल घालून परततात. बरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी व उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, भाकरी किंवा पुरी असते. हिवाळ्यात शेतावर भरिताची जेवणे होतात आणि पुण्या-मुंबईला गेलेली माणसे त्यासाठी गावी येतात.

भरीत न आवडणाऱ्यांची उत्तरे तीन गटांत पडली. सर्वांत मोठा गट पोताचा होता: मऊ, ओशट लगदा घशाखाली उतरत नाही, पण तेच वांगे भरलेल्या भाजीत आख्खे असेल तर चालते. दुसरा गट धुराच्या वासाचा. तिसऱ्या गटात थोडीच माणसे आहेत, पण प्रकल्पातील सर्वांत गंभीर नोंद तिथेच आहे.

धुळे जिल्ह्यातून लग्न होऊन इकडे आलेल्या एका वहिनींनी मुलींना सांगितले की भरीत खाल्ल्यावर त्यांच्या टाळूला आणि ओठांना खाज सुटते व कधी ओठ सुजतो. सासरी त्यांनी हे एकदाच बोलून दाखवले होते. ‘आमच्याकडची वांगी गोड असतात, त्यांनी काही होत नाही’ असे उत्तर मिळाले आणि त्यानंतर त्या दर हिवाळ्यात गुपचूप खात राहिल्या. वांग्यात हिस्टामिन हे संयुग नैसर्गिकरीत्या असते आणि काहींना त्यानेच तोंडात खाज येते. परंतु थोड्या लोकांना वांग्यातील प्रथिनांची खरी ॲलर्जी असते, आणि या विषयावर म्हैसूर येथील संशोधकांनी काम केलेले आहे. या दोहोंतला फरक घरी बसून ठरवता येत नाही. मी मुलींबरोबर त्यांच्या घरी गेलो, सासूबाईंशीही बोललो आणि ओठ सुजत असेल तर वांगे लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे, श्वासाला त्रास झाल्यास क्षणाचाही विलंब करू नये, एवढे स्पष्ट सांगितले. सासूबाई ऐकून म्हणाल्या, ‘तिने मले खाज सुटते असं सांगितलं असतं तर मी वाढलंच नसतं.’ त्यांचे म्हणणे मनापासूनचे होते, आणि वहिनींनी सांगितले होते हेही खरे होते.

४ जानेवारी २०२५

केळी. रावेर, यावल आणि चोपडा हे केळीचे तालुके, त्यामुळे हा विभाग सोपा नव्हता. बागायतदाराच्या मुलाने केळे आवडत नाही म्हणणे म्हणजे घरच्या उत्पन्नावर बोलणे असे मानले जाते. तरीही तीन उत्तरे चांगली मिळाली. पिकवणगृहाजवळ राहणाऱ्या एका मुलाला कच्च्या केळ्याची भाजी व वेफर्स आवडतात, पण पिकलेल्या केळ्याचा वास नको वाटतो. केळ्याच्या वासातील प्रमुख संयुग आयसोअमाइल ॲसिटेट असून फळ पिकते तसे ते वाढते, त्यामुळे त्याचे उत्तर सुसंगत आहे.

दुसऱ्या मुलीने लहानपणी घाटातून एसटीने जाताना केळे खाल्ले आणि तिला उलटी झाली. तेव्हापासून केळ्याचा वास आला तरी पोटात ढवळते. उलटी गाडीच्या हेलकाव्यांनी झाली हे तिलाही कळते, पण कळण्याने फरक पडत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी १९५५ मध्ये उंदरांना सॅकरिनचे गोड पाणी आणि प्रारणांमुळे येणारी मळमळ एकत्र अनुभवायला दिली, तेव्हा उंदरांनी ते गोड पाणीच टाळले. चव आणि मळमळ यांची गाठ एकाच अनुभवात बसते, मध्ये काही तास गेले तरी बसते, आणि तर्काने सुटत नाही. विष खाऊन वाचलेल्या प्राण्याने ते पुन्हा खाऊ नये यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. मुलीला हे समजावून सांगितल्यावर तिने विचारले की मग माझ्यात काही बिघडलेले नाही ना. नाही, असे मी वहीत तिच्या उत्तराखाली लिहून दिले.

तिसऱ्या उत्तरात केवळ कंटाळा होता: रोज तेच.

११ जानेवारी २०२५

शेवभाजी आणि ठेचा. मिरचीचा तिखटपणा ही जिभेची चव नसून वेदनेची व उष्णतेची संवेदना आहे. मिरचीतील कॅप्सेसिन शरीरातील त्याच ग्राहकाला चेतवते जे भाजणाऱ्या उष्णतेची सूचना देते. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने ते १९९७ मध्ये शोधले आणि २०२१ चे नोबेल त्यांना विभागून मिळाले. म्हणजे ज्याला तिखट सहन होत नाही तो भाजते म्हणतो तेव्हा त्याचे मज्जातंतू मेंदूला शब्दशः तेच सांगत असतात. तिखटाची गोडी बहुतेकांना लहानपणी मोठ्यांच्या पंगतीत बसून हळूहळू लागते. ज्यांना ती लागली नाही त्यांना ‘खानदेशातला असून’ म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून आग झाल्यास पाण्याऐवजी दूध किंवा दही द्यावे, हे फलकावर घ्यायचे आहे.

२१ जानेवारी २०२५

मेथी आणि कारले. कडवटपणाच्या जनुकीय फरकाचा शोध एका अपघातातून लागला. १९३१ मध्ये डूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स यांच्या हातून फिनाइलथायोकार्बमाइड या पदार्थाची भुकटी हवेत उडाली; शेजारच्या सहकाऱ्याला ती अत्यंत कडू लागली आणि स्वतः फॉक्स यांना काहीच जाणवले नाही. या फरकामागील टीएएस२आर३८ हे जनुक २००३ मध्ये निश्चित झाले. हे रसायन लावलेल्या कागदी पट्ट्या विज्ञान साहित्याच्या दुकानात मिळतात आणि गटातील मुलांनी त्या मागवण्याचा आग्रह धरला. मी नकार दिला. पट्टीवरील मात्रा अल्प असली तरी घरच्या पदार्थांतून जे शिकता येते त्यासाठी मुलांच्या तोंडात प्रयोगशाळेतील रसायन घालण्याची गरज मला वाटत नाही. शिवाय त्या एका पट्टीवरून मेथीचा निकाल लावता येत नाही. माणसात कडवटपणाची सुमारे २५ ग्राहके आहेत. टीएएस२आर३८ चा संबंध कोबी, मोहरी, मुळा यांच्या कुळातील संयुगांशी अधिक आहे. मेथी नको असणाऱ्याला कारले आवडू शकते, आणि आमच्या वहीत तशी माणसे आहेत.

कडू दुधीची नोंद येथेच करून ठेवतो. दुधी चिरल्यावर त्याचा तुकडा कडू लागला तर तो दुधी टाकून द्यावा, शिजवू नये आणि त्याचा रस तर मुळीच पिऊ नये, कारण त्यातील कुकुरबिटासिन या संयुगांनी तीव्र उलट्या व रक्तस्राव होऊन माणसे दगावलेली आहेत. कडू ते औषधी ही समजूत येथे जिवावर बेतते. ‘माले नको’ म्हणून तोंड फिरवणारे मूल अशा वेळी घरातील सर्वांत शहाणे असते.

३ फेब्रुवारी २०२५

पालकसभेत प्रकल्प मांडला. एका आजोबांनी उभे राहून हरकत घेतली, आणि ती मला महत्त्वाची वाटते. त्यांचे म्हणणे असे की अशाने मुले प्रत्येक भाजीला नको म्हणतील आणि वर विज्ञानाचा दाखला देतील. त्यांच्या लहानपणी ताटात पडेल ते खावे लागे आणि म्हणूनच सर्व आवडू लागले.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी सभेत मान्य केले. दोन ते सहा वर्षांच्या वयात नव्या पदार्थाला नकार देणे स्वाभाविक असते, आणि तोच पदार्थ थोड्या थोड्या प्रमाणात आठ-दहा किंवा अधिक वेळा समोर आल्यावर बरीच मुले तो खाऊ लागतात. ही ओळख जन्माआधीच सुरू होते. ज्युली मेनेला यांच्या गटाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ज्या मातांनी गरोदरपणात किंवा स्तनपानाच्या काळात गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी गाजराच्या स्वादाचे अन्न अधिक सहजपणे स्वीकारले. खानदेशी बाळाला लसणाची ओळख आईच्या दुधातूनच होत असणार. परंतु पुन्हा पुन्हा समोर ठेवणे आणि पुन्हा पुन्हा भरवणे यांत फरक आहे. बळजबरीने भरवलेल्या पदार्थाशी मळमळीची आणि अपमानाची आठवण जोडली जाते, आणि मग आठ वेळांचा उपयोग उलटाच होतो. चिमूटभर ताटाच्या कडेला असावे, खाणे मुलाच्या हाती असावे, एवढाच माझा आग्रह आहे. आजोबांना हे पूर्ण पटले असे नाही. ते म्हणाले, ‘बघू.’

२८ फेब्रुवारी २०२५, राष्ट्रीय विज्ञान दिन

प्रदर्शन पार पडले. बडीशेप आणि जिऱ्याचा प्रयोग करण्यासाठी शेवटपर्यंत रांग होती. कोथिंबिरीच्या फलकापुढे मात्र लोक थांबून वाचत होते, आणि वाचता वाचता त्यांच्यापैकी काहींनी मुलांना बाजूला घेऊन स्वतःची नावड सांगितली; ती उत्तरे वहीत वेगळ्या शाईने घेतली आहेत.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील काकूंनी एक बदल आपणहून केला आहे. कोथिंबीर आता भाजीवर न पेरता वेगळ्या वाटीत ठेवली जाते आणि भाजीची एक लहान पातेली कमी तिखट काढली जाते. त्यासाठी खर्च वाढलेला नाही. वहिनींना डॉक्टरांनी वांगे बंद करण्यास सांगितले असून त्यांच्या घरी भरिताच्या दिवशी त्यांच्यासाठी पातोड्यांची भाजी होते, असे मुलींनी कळवले.

प्रश्नावलीची तपासणी करताना एक गोष्ट सर्व विभागांत समान दिसली. पुरुषांनी आपली नावड घरच्यांसमोर, मोठ्या आवाजात सांगितली आहे. स्त्रियांपैकी बहुतेकींनी ती घरातील वडीलधारे बाहेर गेल्यावर सांगितली आणि आजी वगळता कोणीही आपले नाव लिहू दिले नाही. घरात जी रांधते, तिला न आवडणारा पदार्थ तिच्या हातचा कसा लागतो, हे आम्ही विचारलेच नव्हते. पुढील वर्षीच्या गटासाठी प्रश्नावलीत सातवा प्रश्न घातला आहे: ‘हा पदार्थ तुम्हाला आवडत नाही, हे घरात कोणाकोणाला माहीत आहे?’